राही हे नाव मराठी की हिंदी? राधा की वाटसरू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी झाली आहे आणि तिचं नाव "राही" ठेवायचं आईवडिलांनी ठरवलं आहे. सासऱ्यांचं म्हणणं, हा हिंदी शब्द आहे, अर्थ वाटसरू, आणि तोही पुल्लिंगी; मुलीला कशाला? सासूबाई म्हणतात, नाव तर विठ्ठलाच्या आरतीत आहे, पण ती राही नेमकी कोण हे त्यांनाही सांगता येत नाही. मावशींनी वेगळाच मुद्दा काढला आहे: राही म्हणजे राधा असेल तर राधेचं नाव घरच्या मुलीला नको, त्यापेक्षा अनुराधा ठेवा. या तिघांना काय उत्तर द्यायचं, आणि नावाचं मूळ खरोखर काय, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देते. राही हे अस्सल मराठी नाव आहे. संस्कृतातली राधिका प्राकृतात "राहिआ" झाली आणि तिचीच मराठीत "राही" झाली. हिंदीतला वाटसरू या अर्थाचा "राही" फारसीकडून आलेला निराळा शब्द आहे. दोघांचा उच्चार जुळतो, कूळ जुळत नाही. प्राकृत आणि जुनी मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. बायकांच्या ज्या नावांचा प्रवास पायरीपायरीने दाखवता येतो अशी मराठी नावं फार थोडी, आणि राही त्यांतलं माझं अत्यंत आवडतं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

राधिकेची राही कशी होते ते पाहू. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला "ध" प्राकृतात "ह" होतो. दधि या शब्दाचं दही झालं, बधिर म्हणजे बहिरा, गोधूम म्हणजे गहू, हे सगळं याच नियमाने. दुसरी गोष्ट शेवटच्या "इका"ची. त्यातला "क" गळतो, "इआ" उरतं आणि मराठीपर्यंत येता येता त्याची नुसती दीर्घ "ई" होते. मृत्तिकेची माती, घटिकेची घडी, मक्षिकेची माशी, नलिकेची नळी. आता हे दोन्ही नियम राधिकेला लावा: राधिका, राहिआ, राही. यात कुठेही ओढाताण नाही, अपवाद नाही. दही हा शब्द जितका मराठी, तितकीच राही मराठी.

याच वाटेने आलेलं दुसरं नाव तुमच्या परिचयाचं आहे. सखी या शब्दाचं प्राकृतात सही झालं आणि मराठीत सई. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई, फलटणच्या निंबाळकरांच्या लेक, यांचं नाव म्हणजे सखीच. सई हे नाव हिंदी आहे असं कुणी म्हणत नाही, कारण त्या उच्चाराचा दुसरा शब्द समोर येत नाही. राहीच्या बाबतीत हिंदी सिनेमाच्या गाण्यांनी दुसरा शब्द आपल्या कानात इतका बसवला आहे की आपलाच शब्द परका वाटायला लागला. याची मला मनापासून खंत वाटते.

आता पुरावा, कारण नुसत्या नियमावर कुणी विश्वास ठेवू नये. प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण. तिथल्या सातवाहन राजांपैकी हाल याच्या नावावर सातशे प्राकृत गाथांचा संग्रह आहे, "गाहा सत्तसई", म्हणजेच गाथासप्तशती. त्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज. हालाचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात, पण संग्रहात पुढच्या शतकांतही गाथा भरत गेल्या, त्यामुळे प्रत्येक गाथा तितकीच जुनी असं म्हणता येत नाही. तरीही कृष्णाची प्रिया म्हणून राधेचा जो अगदी सुरुवातीचा उल्लेख अभ्यासक दाखवतात तो याच संग्रहातला, पहिल्या शतकातली ८९वी गाथा. इथे शतक म्हणजे शंभर गाथांचा गट.

ती गाथा अशी: "मुहमारुएण तं कण्ह गोरअं राहिआएँ अवणेन्तो, एताणं वल्लवीणं अण्णाणं वि गोरअं हरसि."

अर्थ असा. गाई चरून परत येताहेत, धूळ उडते आहे. राधिकेच्या डोळ्यात किंवा चेहऱ्यावर धुळीचा कण गेला आहे आणि कृष्ण तोंडाने फुंकर घालून तो काढतो आहे. बघणारी म्हणते, कृष्णा, एका फुंकरीने तू राहिआची गोरज दूर करतोस आणि त्याच फुंकरीने बाकीच्या गवळणींचा गौरवही नेतोस. सगळी गंमत "गोरअ" या एका शब्दात आहे. संस्कृतातले गोरज आणि गौरव हे दोन वेगळे शब्द प्राकृतात एकाच रूपात येतात, म्हणून ओळीत पहिल्यांदा त्याचा अर्थ धूळ होतो आणि दुसऱ्यांदा मान. संस्कृतात हा श्लोक जसाच्या तसा उतरतच नाही. महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्या, तिच्यातच विनोद करणाऱ्या माणसांसाठी रचलेली ही गाथा आहे आणि तिच्यात आपली राही जवळजवळ आजच्याच रूपात उभी आहे. "राहिआएँ" म्हणजे राहीची, राहीच्या. वर्गात ही गाथा शिकवताना दर वर्षी मी याच शब्दावर थांबते, कारण मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं की प्राकृत ही आपल्याच घरातल्या माणसांची बोली होती.

पुढची पायरी अपभ्रंशाची, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या बोलीची. बाराव्या शतकात गुजरातेत अणहिलवाड पाटण इथे आचार्य हेमचंद्र होऊन गेले, सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाल यांच्या काळात. त्यांनी व्याकरण लिहिलं, त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा आणि त्याचा शेवटचा भाग अपभ्रंशाचा. नियम समजावायला त्यांनी लोकांच्या ओठांवरचे दोहे उदाहरण म्हणून दिले, आणि ते दोहे त्यामुळेच टिकले. त्यांतल्या एकात म्हटलं आहे की हरी पाहतो सगळ्यांकडे, अगदी आदराने पाहतो, पण त्याची नजर वळते ती "जहिं कहिं वि राही", राही जिथे कुठे असेल तिथे. प्रेमाने भरून आलेले डोळे कोण आवरणार? इथे रूप राहिआ नाही, राही आहे. दोन अक्षरं, शेवट दीर्घ, जसं तुम्ही बाळाच्या जन्मदाखल्यावर लिहिणार आहात तसंच. हेमचंद्र हे उदाहरण म्हणून देतात, म्हणजे रूप त्यांच्या आधीच रुळलेलं होतं.

आणि हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. बंगालमध्ये वैष्णव पदांतून राधेला "राई" म्हणतात. तेही याच प्राकृत नावाचं रूप, मधला "ह" गळालेलं. आपल्या आरतीतही काही जण "राहीच्या वल्लभा" म्हणतात, काही जण "राईच्या वल्लभा". छापील पुस्तकांतही दोन्ही सापडतात. लहान मुलांना मोहरीची राई आठवते आणि ती गोंधळतात. पण ते चुकीचं रूप म्हणून कुणाला टोकू नका. सही या शब्दाची सई झाली तशीच राहीची राई झाली, इतकंच.

आता सासूबाईंचा प्रश्न: आरतीतली राही कोण? नामदेवांच्या नावावरच्या "युगे अठ्ठावीस" या आरतीत ती दोनदा येते. एकदा ध्रुवपदात, जिथे पांडुरंग रखुमाईचा वल्लभ आहे तसाच राहीचाही वल्लभ आहे. दुसऱ्यांदा या ओळीत: "राही रखुमाबाई राणीया सकळा, ओवाळिती राजा विठोबा सावळा." शब्द नीट ऐका. राही इथे "राणी" आहे. रखुमाईच्या बरोबरीने तबक घेऊन उभी आहे, आणि नाव तिचं आधी आलं आहे. संतांच्या अभंगांत राही, रखुमाई आणि सत्यभामा ही तीन नावं पुष्कळदा एका दमात येतात.

पंढरपुरात गेलात तर हे डोळ्यांनी पाहता येतं. विठ्ठलाच्या गाभाऱ्यात रखुमाई त्याच्या शेजारी नाही. तिचं देऊळ मागच्या बाजूला वेगळं आहे. त्याच आवारात सत्यभामेचं आणि राहीचं अशी छोटी देवळंही आहेत. दर्शनाच्या गर्दीत माणूस विठोबा-रखुमाईचं दर्शन घेऊन पुढे सरकतो आणि राहीसमोर क्षणभरही थांबत नाही. पुढच्या वारीला किंवा सुट्टीत जाल तेव्हा बाळाला घेऊन तिथे मुद्दाम थांबा, ही माझी विनंती.

रखुमाई वेगळी का राहते याची पंढरपुरातली कथाही राहीशी जोडलेली आहे. द्वारकेत कृष्णाला भेटायला राधा आली आणि त्याच्या मांडीवर बसली. इतक्यात रुक्मिणी आली. तिला पाहून राधेने उठायला हवं होतं, ती उठली नाही. रुक्मिणी रुसली आणि तडक निघून पंढरपूरच्या दिंडीरवनात येऊन बसली. तिची समजूत काढायला कृष्ण तिच्या मागोमाग आला आणि आईवडिलांच्या सेवेत रमलेल्या पुंडलिकाच्या दारी विटेवर उभा राहिला. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण गाभा हाच. म्हणजे या कथेपुरतं बोलायचं तर देव पंढरीला आला तो राहीच्या निमित्ताने. उत्तरेतल्या भक्तीत राधेचं नातं लग्नाबाहेरचं, तिथली भक्तीच त्या विरहावर उभी. आपल्याकडे मात्र लोकांनी तिला राण्यांच्या रांगेत बसवलं, तिला देऊळ दिलं, आरतीत तिचं नाव रोज घेतलं. मराठी माणसाने राधेला जो मान दिला तो "राही" या नावाने दिला.

एक फरक नोंदवण्यासारखा आहे. गवळणींमध्ये आणि तमाशात ती सहसा "राधा" असते. एकनाथांची "वारियाने कुंडल हाले, डोळे मोडित राधा चाले" ही गवळण घ्या; कोकणात शिमग्याला पुरुष बाईचं सोंग घेऊन नाचतो त्यालाही राधाच म्हणतात. खेळकर, नटवी, दह्यादुधाच्या वाटेवर अडवली जाणारी ती राधा. पंढरपूरच्या गाभाऱ्याशी नातं सांगणारी, ओवाळणारी ती राही. लोकांनी असं ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही, पण कानाला ही विभागणी जाणवते.

आता मावशी. त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. राधेचं नाव मुलीला ठेवायला कचरणारी घरं आहेत आणि त्यामागे काळजीच असते. पण त्यांना दोन गोष्टी सांगा.

पहिली अशी की राधा हे नाव कृष्णाच्या राधेहून जुनं आहे. मुळात ते एका नक्षत्राचं नाव. आपण ज्याला विशाखा म्हणतो त्याचंच दुसरं नाव राधा. अथर्ववेदातल्या नक्षत्रसूक्तात "राधे विशाखे" असं एकत्रच म्हटलं आहे, आणि अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, राधा आणि विशाखा हे शब्द पर्यायी दिले आहेत. तिच्या पाठोपाठ येणारं नक्षत्र म्हणून ते अनुराधा. म्हणजे मावशींनी सुचवलेल्या नावात राधा आहेच, किंबहुना तिच्याशिवाय त्या नावाला अर्थच उरत नाही. विशाखेवरून ज्या महिन्याला वैशाख म्हणतात त्याला अमरकोशात "राध" असंही नाव आहे, आणि त्याच महिन्याचं तिसरं नाव "माधव". राधा आणि माधव ही जोडी आधी पंचांगात भेटली, असं म्हणायला हरकत नाही.

या नावाचा धातू "राध्", म्हणजे तडीस नेणं, प्रसन्न करून घेणं. आराधना हा शब्द त्यातूनच आला. ऋग्वेदात इंद्राला "राधानां पते" म्हटलं आहे, तिथे राधा म्हणजे देणग्या, वैभव, सफल झालेल्या गोष्टी. तेव्हा राहीचा अर्थ कुणी विचारला तर "सिद्धी, समृद्धी, आराधना" असं निःशंक सांगा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या वाङ्मयातली पहिली मोठी राधा ही कुणाची प्रेयसी नाही, आई आहे. महाभारतात गंगेतून वाहत आलेली पेटी अंगदेशच्या अधिरथ सूताला सापडते आणि त्याची बायको त्या बाळाला उराशी धरते. तिचं नाव राधा. त्या बाळाला जग कर्ण म्हणतं, पण त्याची ओळख "राधेय". उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला एकांतात गाठून सांगतो की तू कुंतीचा मुलगा, पांडवांमध्ये थोरला, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो आणि कारण देतो ते राधेचं. मला पाहताच तिला पान्हा फुटला, माझं मलमूत्र तिने काढलं, तिचा पिंड मी कसा तोडू, असं तो म्हणतो. महाभारतात इतक्या मोठ्या देण्याला इतक्या घरगुती, इतक्या खऱ्या कारणासाठी नकार दिल्याची दुसरी जागा मला आठवत नाही. एवढ्या महायोद्ध्याने जिच्या नावाने स्वतःला ओळखून घेतलं तिचं नाव मुलीला ठेवायला कसला संकोच?

कृष्णाच्या राधेचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण तो राहीपेक्षा संस्कृत राधेचा आहे. भागवत पुराणात तिचं नाव उघड येत नाही. दशमस्कंधात कृष्ण एकीलाच घेऊन निघून जातो, तेव्हा मागे राहिलेल्या गोपी तिच्या पावलांचे ठसे पाहून म्हणतात, "अनयाराधितो नूनम्", हिने त्याची नक्कीच आराधना केली असणार. त्या "आराधितः" मध्ये टीकाकारांना राधेचं नाव दिसतं. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या काव्यशास्त्राच्या ग्रंथात घेतलेल्या एका श्लोकात यमुनाकाठचे लतामंडप राधेच्या एकांताचे साक्षीदार आहेत. दहाव्या शतकातल्या माळव्याच्या वाक्पती मुंजाच्या ताम्रपटांत राधेच्या विरहाने व्याकूळ मुरारी येतो, म्हणजे तोवर ती राजाच्या दानपत्रावर मंगलाचरणात बसण्याइतकी मान्य झाली होती. मग बाराव्या शतकात जयदेवाचं गीतगोविंद आलं आणि राधा भारतभर पोचली. हे सगळं खरं, पण गाथेतली राहिआ यांतल्या कुणाची वाट पाहत थांबली नव्हती, हे लक्षात असू द्या.

सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येते. फारसीत "राह" म्हणजे रस्ता, त्याला "ई" लागून राही, वाटेवरचा माणूस. हा शब्द उर्दू-हिंदीत मुरला, कवींनी तो टोपणनावासारखा घेतला. राही मासूम रझा हे नाव दूरदर्शनच्या महाभारत मालिकेचे संवादलेखक म्हणून आपल्याला ठाऊक आहे. मराठीतही ही "राह" आली, पण कचेरीच्या वाटेने. रहदारी हा शब्द तिचाच. जुन्या काळी वाटेवर मालाच्या ने-आणीवर जकात घेत, परवाना देत, त्या व्यवहाराची ती भाषा. "वाटसरू" या अर्थाने राही मात्र मराठीत कधी रुजला नाही. त्यासाठी आपल्याकडे वाटसरू होता, पांथस्थ होता, वाटकरी होता. म्हणून मराठी घरात राहीबाई नावाची आजी असेल तर तिचं नाव फारसी वाटसरूवरून पडलं असण्याची शक्यता मी शून्य धरते. एक तिसरा अर्थही कुणी कुणी सांगतात, की "राहणे" या क्रियापदावरून राही म्हणजे राहणारी. जुन्या कवितेत "राही" हे क्रियारूप भेटतं खरं, पण नावाशी त्याचा संबंध नाही.

पुल्लिंगाचा आक्षेप मात्र अगदीच निराधार नाही. हिंदी अर्थाने हे नाव मुलांनाही ठेवतात आणि मराठीतही पुरुषाचं नाव राही असल्याचं उदाहरण आहे, चित्रपट दिग्दर्शक राही अनिल बर्वे. त्यामुळे फक्त नाव वाचून कुणी "श्री." लिहून पाठवेल, असं कधीमधी होईल. त्यापलीकडे त्रास नाही.

नाव जुनाट आहे की आधुनिक, हाही प्रश्न मनात असेलच. दोन्ही आहे, आणि कसं ते दोन राहींकडे पाहून कळतं. राहीबाई पोपेरे या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, देशी बियाणं जपणाऱ्या शेतकरी बाई, ज्यांना लोक बीजमाता म्हणतात आणि ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं नाव कुणी कोशात शोधून ठेवलेलं नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या आदिवासी गावात ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. दुसरी राही सरनोबत, कोल्हापूरची नेमबाज. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुल प्रकारात तिने सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. एकीच्या नावामागे "बाई" आहे, दुसरीच्या नाही. नाव तेच.

मधल्या काळात झालं असं की शिकलेल्या मराठी घरांना तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा घेतलेल्या, नावांची ओढ लागली. राधाबाई चाललं, कारण बाजीराव पेशव्यांच्या मातोश्रींचं ते नाव, राधिका चाललं, अनुराधा तर फारच चाललं. राहीबाई, सगुणाबाई, ठकूबाई यांना मात्र गावंढळ ठरवून बाजूला सारलं. भाषेच्या दृष्टीने हा अन्यायच होता, कारण संस्कृतातून उचललेल्या रूपापेक्षा बोलीत घडलेल्या रूपामागे जास्त पिढ्यांचे आवाज असतात. पुढे "बाई" गळून नावं आखूड झाली, सई आणि राही पुन्हा ऐकू यायला लागल्या, याचा मला आनंद आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. नावरस अक्षर पाहणारी मंडळी घरात असतील तर सांगा की "रा" हे अक्षर चित्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं, म्हणजे तूळ राशीचं. विशाखेचे पहिले तीन चरणही तुळेतच येतात, त्यामुळे राधा-विशाखेशी या नावाचं राशीनेही जमतं. शास्त्राधार मागणारं कुणी असेल तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचं नाव उच्चारायला सोपं, मनोहर, मंगल आणि शेवट दीर्घ असलेलं असावं असं म्हटलं आहे, आणि राही त्या सगळ्याला उतरतं. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्राच्या, नदीच्या, झाडाच्या नावाची मुलगी करू नये असंही आहे. पण तो नियम पाळायचा तर गोदावरी, कृष्णा, रोहिणी, रेवती, तुळसा सगळ्याच बाद होतील. आपल्या समाजाने तो कधी पाळला नाही, तुम्हीही पाळू नका.

लिहिताना "ही" दीर्घच. "राहि" असं काही जण लिहितात, ते चूक. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकच "ए" ठेवा. दोन ठेवले तर पुढे शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं असा घोळ होण्याची शक्यता वाढते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव ठरलं नसेल तर ती नावाशिवायही होते आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, तेव्हा घरातली चर्चा पूर्ण व्हायला वेळ आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत की कागदोपत्री राधिका आणि घरात राही असं केलं तर सगळे खूश होतील का. होतील कदाचित, पण मी तसं करणार नाही. राधिका हे राहीचं "खरं" नाव आणि राही हे तिचं लाडाचं, असं मुलीला वाटायला लागेल, आणि ते खरं नाही. राही हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं पूर्ण नाव आहे. दाखल्यावर राहीच लिहा. राधिका म्हणायची हौस सासूबाईंना असेल तर बारशाला कानात सांगायचं नाव म्हणून ते छान आहे.